सोसण्याला तितिक्षा म्हणण्यापूर्वी

घरातली एखादी वृद्धा गेली की दिवसकार्याला जमलेल्या माणसांत तिच्याविषयी एक बोलणे हमखास होते: बाईने जन्मभर सोसले, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही. या बोलण्यात माया असते, आदर असतो, आणि तिथेच पाने वाढत असलेल्या सुनांना दिलेली एक समजही असते. सोसण्याच्या या कौतुकाला धर्माचे पाठबळ आहे असे आपण धरून चालतो. कोणी गीतेकडे बोट दाखवतो, कोणी प्रारब्धाकडे, कोणी मातृत्वाच्या त्यागाकडे. ते पाठबळ खरोखर आहे का हे तपासायचे, तर सोसणे या मोघम शब्दावर थांबून भागणार नाही. एखादे नेमके दुखणे समोर ठेवावे लागेल. इथे घेतलेले दुखणे असे आहे: ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू सैल पडले, अति ताणले गेले किंवा हाडापासून सुटले की बाईच्या वाट्याला येणारे त्रास. शिंकताना, खोकताना, हसताना, भरलेली कळशी उचलताना लघवीचे थेंब जातात. घाई लागली की मोरीपर्यंतही धीर निघत नाही. चारचौघांत वारा सरतो, कधी शौचही धरवत नाही. दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी खाली ओढल्यासारखे जड वाटते. पुढे पुढे बायका ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात ते सुरू होते: गोळ्यासारखे काहीतरी हाताला लागते, आणि लघवीला बसताना ते आत सारावे लागते. हे त्रास सहसा जिवावर बेतत नाहीत. म्हणूनच ते वीस-वीस वर्षे सोसता येतात, आणि सोसण्याच्या तत्त्वज्ञानाची परीक्षा घ्यायला ते म्हणूनच योग्य आहेत.

आधी शरीराची हकिकत. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात, आणि मूत्रमार्ग, योनी, गुदद्वार या तिन्ही वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. म्हणजे या स्नायूंना एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध कामे करायची असतात, वरचा भार तोलून धरायचा आणि वेळ आली की वाट मोकळी करून द्यायची. बाळंतपणात बाळाचे डोके उतरताना या स्नायूंचे काही पदर मूळ लांबीच्या तिपटीपर्यंत ताणले जातात, असे संगणकीय प्रतिकृतींवरून दिसते. बहुतेक जणींत ते पुन्हा पूर्वपदावर येतात. काही जणींत स्नायू हाडापासून सुटतो किंवा त्याच्या नसा दुखावतात, आणि ही हानी कित्येकदा त्या वेळी कळतच नाही. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके कमी होतात, ऊती पातळ होतात, आणि विशीतल्या बाळंतपणाचा हिशेब पन्नाशीत समोर येतो. मधल्या काळात जुनाट खोकला, कुंथायला लावणारी बद्धकोष्ठता, लठ्ठपणा, ओली बाळंतीण असतानाच उचललेली ओझी यांची त्यात भर पडलेली असते. याच्या उलट प्रकारही आहे, ज्याची चर्चा आणखी कमी होते: काही बायकांत हे स्नायू सैल नसून सतत आवळलेले असतात, त्यामुळे संबंधाच्या वेळी वेदना होतात, लघवी अडखळते. अशा बाईला कोणी पुस्तकात वाचून आवळण्याचे व्यायाम सांगितले तर तिचा त्रास वाढतो.

हे दुखणे किती जणींना असते, यापेक्षा ते किती जणी सांगतात हा आकडा अधिक बोलका आहे. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि सरासरी काढली तर एकेकीला ३.६ विकार होते. यात जंतुसंसर्ग, पाळीच्या तक्रारी असे सगळेच आले, फक्त झोळीचे दुखणे नव्हे. पण या अभ्यासात एक आकडा असा आहे की त्यापुढे बाकीचे फिके पडतात: आधी कधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. गप्प राहणाऱ्या बाईला काही होत नसावे, हा आपला सोयीचा समज त्या दोन गावांनी कायमचा मोडीत काढला.

दुसरी बाजू उपायांची. हे त्रास म्हणजे वयाचा न टळणारा कर आहे, असे समजण्याचे कारण नाही. शिंकता-खोकताना लघवी जाणाऱ्या स्त्रियांवरच्या चाचण्यांचा जो एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ साली घेतला, त्यात शिकवून करवून घेतलेले स्नायूंचे व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी त्रास गेल्याचे सांगितले; व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. व्यायाम चिवटपणे तीन महिने तरी करावे लागतात, आणि योग्य स्नायू आवळला जातो आहे ना हे एकदा कोणीतरी तपासून सांगावे लागते, इतकेच. अंग खाली उतरले असेल तर आत बसवायची रिंग मिळते, जी शस्त्रक्रिया न करताही आधार देते. शस्त्रक्रियेचे म्हणाल तर तरुण बाईचे गर्भाशय न काढता ते वर बांधून घेण्याच्या पद्धती मुंबईतच डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी बसवल्या, आणि पाठ्यपुस्तकांत त्या त्यांच्या नावाने शिकवल्या जातात. तेव्हा बहुतेक सोसणे हे अटळ दुःखाचे सोसणे नाही. जे टळू शकत होते ते सोसले गेले, आणि त्यालाच आपण पुण्याच्या खात्यात जमा करत आलो. त्याचे समर्थन करायचे तर ते कसोशीने करावे लागेल.

समर्थनाचा सर्वांत भक्कम आधार तितिक्षेचा आहे, आणि तो हलका लेखून चालणार नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की इंद्रियांच्या संपर्काने येणारी थंडी-उष्णता, सुखदुःखे येतात आणि जातात, ती सहन कर. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची जी व्याख्या आहे ती याहून कडक: सगळी दुःखे प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसणे. प्रतिकार न करता, हे शब्द विचार करायला लावणारे आहेत. कोणी म्हणेल, ज्या आजीने अंग बाहेर येत असताना पंचवीस वर्षे दळण-कांडण केले, कुणाला दोष दिला नाही, रडली नाही, तिने या व्याख्येची अक्षर न् अक्षर पूर्तता केली. पोथी न वाचता ती त्या पायरीला पोचली. मग तिच्या सोसण्याला तितिक्षा म्हणायला अडचण कसली?

अडचण अशी की वेदान्तात तितिक्षा सुटी येत नाही. ती साधनचतुष्टयाच्या तिसऱ्या अंगात, शमदमादी सहा संपत्तींत मोडते, आणि तिच्याआधी नित्यानित्य वस्तूंचा विवेक आणि वैराग्य ही दोन साधने सांगितलेली आहेत. प्रतिकार न करणे हा ज्याचा निर्णय आहे, त्याच्यासाठी ती व्याख्या आहे. आणि निर्णय म्हटला की दुसरी वाट दिसत असली पाहिजे. ज्या संन्याशाने औषध नाकारले त्याला औषध ठाऊक होते. ज्या बाईला रिंग नावाची वस्तू जगात आहे हेच कोणी सांगितले नाही, जिला हे दुखणे एकटीलाच झाले आहे असे वाटत राहिले, जिने सांगितले असते तर सासूने तोंड फिरवले असते, तिच्याबाबतीत प्रतिकार न करणे हा शब्दप्रयोगच लागू पडत नाही. तिने काही सोडून दिले नाही, कारण तिच्या हाती सोडण्यासारखे काही दिलेच गेले नव्हते. तिचा धीर मोठा आहे यात शंका नाही. पण त्या धीराला साधना म्हणणे म्हणजे तिच्यावर न केलेल्या निवडीचे श्रेय लादणे आहे. हे श्रेय तिच्यापेक्षा आपल्याला सोयीचे पडते.

गीतेचा संदर्भही अर्धाच वाचला जातो. तिथले सोसणे कशासाठी आहे? युद्धभूमीवर खचून बसलेल्या माणसाने उठावे, स्वधर्म करावा, त्यात थंडी-वाऱ्याने अडून राहू नये, यासाठी. सोसल्याने हातून कर्म घडावे हा त्या उपदेशाचा रोख आहे. या दुखण्यात नेमके उलटे घडते. बाई कीर्तनाला जायचे सोडते, कारण दोन तास मांडी घालून बसणे तिला जमत नाही. एसटीचा प्रवास टाळते. लग्नकार्यात मागे मागे राहते, हसू आले तरी आवरते. पंढरीची वाट आयुष्यभर मनात असलेली बाई रस्त्यात सोय कुठे होणार या एका धास्तीने घरीच थांबते. आणि पाणी पिणे कमी करते, ज्याने लघवी दाट होते, जळजळ आणि घाई दोन्ही वाढतात. अशाने आयुष्य दर वर्षी वीतभर आकसत जाते. शिवाय गीतेतली सुखदुःखे येणारी-जाणारी आहेत, ऋतूंसारखी. खाली उतरलेले अंग ऋतू पालटला म्हणून वर जात नाही. अनेकदा ते तिथेच राहते किंवा आणखी उतरते. त्याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात देहाला निष्कारण पीडणाऱ्या तपाला जी विशेषणे लावली आहेत ती गौरवाची नाहीत. तिथे आसुरी हा शब्द येतो.

आयुर्वेदाकडे वळले तर चित्र अधिकच स्पष्ट होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेगांविषयी आहे. मूत्र, मल, वायू, शिंक, भूक, तहान, झोप असे तेरा शारीरिक वेग दाबू नयेत, दाबल्याने कोणते विकार होतात, हे तिथे क्रमाने सांगितले आहे. दाबायचे वेग निराळेच आहेत: लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर, आणि वाणीचे कठोरपण. आपण बायकांना दिलेले शिक्षण या यादीच्या नेमके उफराटे आहे. अंधार पडेपर्यंत लघवी धर, सगळे जेवून उठेपर्यंत भूक धर, शेतावर गड्यांच्या समोर आडोशाला जाऊ नकोस. आणि घरातल्या पुरुषाचा क्रोध मात्र धरायचा प्रश्न नाही, तो वाहू दे. लघवी रोखल्याने अंग बाहेर येते असे म्हणणे चुकीचे होईल, तसा दावा इथे नाही. पण मूत्रमार्गाच्या संसर्गाला आणि मलावरोधाला त्याने निमंत्रण मिळते, आणि वर्षानुवर्षांच्या कुंथण्याचा भार पुन्हा त्याच स्नायूंवर पडतो. मुद्दा असा की देहाचे वेग दाबणे म्हणजे संयम, ही कल्पना ज्या परंपरेच्या नावाने सांगितली जाते, त्या परंपरेच्या वैद्यकाने ती दोन हजार वर्षांपूर्वीच नाकारली आहे.

यावर प्रारब्धाचा आक्षेप येतोच. देहाचे भोग देहानेच भोगून संपवायचे असतात. मागचे कर्म उपचाराने पुसले जाईल काय? गंमत अशी की या आक्षेपाची दखल चरकाने आमच्यासारख्यांची वाट न पाहता घेतली आहे. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदे, म्हणजे योनी व गर्भाशयाचे वीस विकार सांगताना त्यांची जी कारणे दिली आहेत, त्यांत चुकीचा आहारविहार, दूषित आर्तव आणि बीजदोष यांच्या बरोबरीने दैव हेही कारण घातले आहे. दैव मान्य करून ग्रंथकार हात जोडून बसत नाही. लगेच पुढे उपचार येतात: स्नेहन, शेक, आणि जागचे हललेले अंग हाताने पुन्हा जागेवर बसवणे. जागा सोडलेली योनी बाईच्या शरीरात रुतलेल्या शल्यासारखी असते, अशा अर्थाचे विधान तिथे आहे; शल्य म्हटल्यावर ते काढायचेच असते. विमानस्थानात तर हा वाद तत्त्व म्हणूनच सोडवला आहे. मागल्या जन्मीचे कर्म ते दैव, या जन्मीचे ते पुरुषकार. दोहोंत जे बलवान ते दुसऱ्याला हटवते. सगळेच आधी ठरलेले असते तर औषधे, मंत्र, स्वस्त्ययने कोणी केली असती, हिंस्र पशूंना कोण भ्यायले असते, असा तिथला युक्तिवाद आहे. मोतीबिंदूला आणि मोडलेल्या हाताला आपण हा युक्तिवाद बिनतक्रार लावतो. प्रारब्ध आडवे येते ते नेमके कमरेखालच्या, त्यातही बाईच्या दुखण्यापाशी. या निवडकपणाचा उगम कर्मसिद्धान्तात सापडणार नाही.

मातृत्वाचा मुद्दा भावनेने अधिक जड आहे. हे दुखणे बाळंतपणातून आले, लेकरासाठी आले. आई ते हसत सोसते, त्यात पुण्य नाही काय? प्रसूतीच्या कळा सोसण्यात निश्चित आहे. त्या सोसण्याला फळ आहे, आणि ते फळ कोणाच्या तरी हाती पडते. त्यागाला घेणारा लागतो. आहुती कोणत्या तरी देवतेला पोचावी लागते, नाहीतर यज्ञशाळेत नुसता धूर होतो. पोरगा तीस वर्षांचा झाल्यावर आईची लघवी शिंकेसरशी जाते, यातून त्या पोराला काय मिळते? काहीच नाही. फायदा होतो तो इतरांचा: घराची दवाखान्याची खेप वाचते, ग्रामपंचायतीचे संडासाचे पैसे वाचतात, आरोग्य खात्याला फिजिओथेरपिस्टची जागा भरावी लागत नाही, बाळंतिणीला सव्वा महिना निवांत ठेवण्याची कटकट टळते. बाईच्या नकळत होणाऱ्या या बचतीला त्याग म्हणता येत नाही. त्याला वसुली म्हणतात. नेपाळमध्ये तरुणपणीच अंग बाहेर आलेल्या बायकांची संख्या इतकी मोठी होती की २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा स्त्रियांच्या प्रजननविषयक हक्कांचा भंग ठरवून सरकारला उपाय करायला सांगितले. ज्यांना न्यायालयाची भाषा धर्माच्या चर्चेत परकी वाटते, त्यांच्यासाठी आपल्याकडे अधिक जवळचा पुरावा आहे.

तो पुरावा जनाबाईचा. नामदेवांच्या घरची ही दासी दळते, कांडते, पाणी भरते, शेण्या वेचते. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून जाते दाखवतात. लोकांनी तिच्याविषयी जी कथा जिवापाड जपली ती अशी नाही की जनीने कष्ट मुकाट सोसले आणि विठ्ठलाने वरून आशीर्वाद दिला. कथा अशी आहे की विठ्ठल येऊन जात्याच्या खुंट्याला हात घालतो, तिच्यासाठी दळतो, पाणी आणतो. देवाला जनीची सहनशक्ती आवडली असेलही, पण त्याने तिचे कौतुक न करता ओझे वाटून घेतले. शिवाय जनी गप्प नव्हती; तिचे अभंग म्हणजे मूर्तिमंत बोलणे आहे, देवाशी भांडणेसुद्धा. जात्यावर बसलेल्या इतर बायकाही गप्प नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, थकवा, माहेरची ओढ यांच्या त्यांत भरपूर नोंदी आहेत. तोंडातून शब्द काढला नाही हे कौतुक वस्तुस्थितीलाही धरून नाही. शब्द काढला होता, तो जात्याने ऐकला. घरातल्यांना पहाटेची झोप प्रिय होती.

उरतात लाज आणि विटाळ, आणि मला वाटते बायकांना खरे अडवणारे हेच दोन आहेत; प्रारब्ध वगैरे नंतर सुचते. लाजेला मी तुच्छ मानणार नाही. नवरात्रात घरोघर वाचल्या जाणाऱ्या सप्तशतीत देवी सर्व प्राणिमात्रांत लज्जेच्या रूपाने राहते असे म्हटले आहे, आणि सहनशीलतेच्या, म्हणजे क्षान्तीच्या रूपानेही. पण ती नमनाची मालिका पुरती वाचावी. तिथे भूक आहे, तहान आहे, झोप आहे. देहाच्या या साऱ्या गरजा तिच्याच आहेत. लज्जा देवीचे रूप आणि क्षुधा मात्र बाईच्या हावरटपणाची खूण, अशी वाटणी त्या स्तोत्रात कुठेच नाही. लाज ही आपले अंग कोणापुढे उघडे करायचे हे ठरवण्याचा बाईचा अधिकार आहे. पडद्याआड, बाई डॉक्टरपुढे, परवानगी विचारून झालेल्या तपासणीने तो अधिकार मोडत नाही. मोडतो तो सरकारी वॉर्डात चार विद्यार्थ्यांसमोर न विचारता पांघरूण ओढले जाते तेव्हा. अशा अनुभवाच्या भीतीने बाई घरी बसत असेल तर तिच्या लाजेला नावे ठेवण्याआधी वॉर्डाची व्यवस्था सुधारावी.

विटाळाचे दुखणे अधिक खोल आहे, कारण इथे बाई स्वतःच स्वतःला देवापासून दूर करते. कपडा ओला होतो, वास येईल असे वाटते, म्हणून देवघरात शिरायचे नाही, आरतीचे ताट हाती घ्यायचे नाही. पाळी तरी चार दिवसांनी सरते. हा विटाळ रोजचा आहे आणि मरेपर्यंतचा आहे. देहाच्या विटाळाचा प्रश्न संत सोयराबाईने चौदाव्या शतकातच उपस्थित केला होता: ज्या विटाळातून देह घडतो त्याला वगळून शुद्ध देह कोणाचा दाखवाल, हा तिच्या विचाराचा गाभा. बौद्ध विनयपिटकातला एक प्रसंग याच प्रश्नाला कृतीने उत्तर देतो. अतिसाराने आजारी भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला आहे, कोणी त्याच्याकडे पाहत नाही. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून अंथरुणावर ठेवतात, आणि मग भिक्षूंना बोलावून सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. मलमूत्र आवरत नाही म्हणून माणूस पवित्रापासून दूर जातो, हा समज तिथे शब्दांनी खोडलेला नाही. हाताने खोडला आहे.

आता वैद्यकावरच्या अविश्वासाचा आक्षेप, जो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. सोसण्याचा संस्कार मोडला की बाई थेट बाजाराच्या हाती जाते, असे म्हणणाऱ्याला बीडकडे बोट दाखवता येते. २०१९ साली तिथल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यावर कॅन्सरची भीती घालून ती काढली जात होती. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडीला एका दिवसाचा खाडा परवडत नाही, म्हणून पाळीची कटकटच नको, हाही त्यामागचा हिशेब. श्रीमंत देशांतही असेच झाले: अंग वर बांधण्यासाठी योनीतून बसवायच्या कृत्रिम जाळ्या घाईने बाजारात आल्या, असंख्य बायकांना कायमच्या वेदना देऊन गेल्या, आणि २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्यांची विक्री थांबवायला सांगावे लागले. हे सगळे खरे आहे. पण यातून सोसणे श्रेष्ठ ठरत नाही. बीडच्या बाईने तक्रार सांगितली आणि कोणी तिची नीट तपासणी केली नाही. गडचिरोलीच्या बाईने सांगितलीच नाही आणि कोणी विचारले नाही. दोन्हीकडे बाईचे अंग हे काम उरकण्याचे साधन आहे, एकीकडे ते दुर्लक्षून, दुसरीकडे अडचणीचा भाग कापून. पिशवी काढल्याने तळाचे स्नायू दुरुस्त होत नाहीत. उलट पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. व्यायाम आणि रिंग हे दोन्ही स्वस्त उपाय आधी देऊन पाहणारा डॉक्टर या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो, आणि बाजाराला त्याचे फारसे कौतुक नाही, कारण त्यात बिल होत नाही.

शेवटचा आक्षेप अशा बाईचा, जिला सगळे ठाऊक आहे. तिला रिंग दाखवली, व्यायाम समजावले, शस्त्रक्रियेचे बरेवाईट सांगितले. ती सत्तरीची आहे, आणि म्हणते की मला नको, माझा जीव आता नामात रमतो, या देहाचे आहे ते चालू दे. तिच्यावर उपचार लादण्याचा हक्क कोणाला नाही, आणि तिच्या बाबतीत तितिक्षा हा शब्द मी बिनदिक्कत वापरीन. अशा बायका असणार. पण त्या किती आणि कोण, हे बाहेरून ओळखायचा मार्ग नाही. माहिती नसलेली, भ्यालेली, लाजलेली आणि खरोखर विरक्त झालेली, या चौघीही बाहेरून सारख्याच गप्प दिसतात. त्यांना वेगळे ओळखायचे तर प्रत्येकीला आधी विचारावे लागेल: बाळंतपणानंतर दीड महिन्यांनी घरी येणाऱ्या आशाताईने बाळाच्या वजनाबरोबर आईला लघवी धरवते का हे विचारणे, पन्नाशीच्या बाईचा रक्तदाब पाहताना खाली जड वाटते का हे विचारणे, आणि महिला मंडळाच्या हळदीकुंकवात कोणी तरी हा विषय आधी स्वतः काढणे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून शरीराविषयी उघड लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. आज कोणी खटला भरणार नाही. विचारणाऱ्याला फार तर पहिल्यांदा पदराआडचे हसू मिळेल, आणि थोड्या वेळाने त्याच बायकांपैकी एखादी निघताना दारात रेंगाळेल.